१८५७च्या उठावावरील चित्रपटांतील बंदुका

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातील शिपायांनी १८५७ मध्ये केलेल्या उठावावरील चित्रपटांत दिसणारी अग्निशस्त्रे प्रामुख्याने ठासणीच्या बंदुका असतात. या बंदुकांत नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावी लागते. त्यांत सर्वाधिक महत्त्व मिळते ते १८५३च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीला. केतन मेहता दिग्दर्शित ‘मंगल पांडे : द रायझिंग’ (२००५) या चित्रपटाचे कथानक तिच्याच काडतुसाशी, त्याला गाय व डुकराची चरबी लावल्याच्या वादाशी, बांधलेले आहे. अशा चित्रणामुळे बंडात उतरलेल्या शिपायांच्या हाती एनफील्डच होती, असा समज प्रेक्षकांत रुजलेला आढळतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट होती. उठावाला तोंड फुटले तेव्हा बहुसंख्य शिपायांकडे गुळगुळीत नळीची जुनी बंदूक होती, तर एनफील्ड मुख्यतः गोऱ्या पलटणींच्या हाती येत गेली. या दोन शस्त्रांतील फरक केवळ तांत्रिक नव्हता, लढायांच्या निकालावरही त्याचा परिणाम झाला.

एनफील्ड रायफल

लंडनच्या उत्तरेस असलेल्या एनफील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यात ही रायफल विकसित झाली आणि क्रिमियन युद्धात तिचा वापर झाला. तिची लांबी सुमारे १४० सेंटिमीटर, वजन सव्वाचार किलोच्या आसपास आणि नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर होता. ९९ सेंटिमीटर लांबीची नळी तीन धातूच्या पट्ट्यांनी लाकडी दस्त्याला जखडलेली असे. पडद्यावर ही रायफल ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे. नळीच्या आत तीन आटे (पिळदार खाचा) असून त्यांमुळे गोळीला फिरकी मिळे. मागील शिडीवजा माशी (नेम धरण्याची खूण) ९०० यार्डांपर्यंतच्या पल्ल्यासाठी आखलेली होती. एवढ्या अंतरावर एकट्या माणसाचा वेध घेणे दुरापास्तच, पण सैन्याच्या रांगेवर किंवा तोफेभोवतीच्या गोलंदाजांवर काही शे यार्डांवरून परिणामकारक मारा करता येई.

नेम अचूक लागायचा तर गोळीने आट्यांत घट्ट बसणे आवश्यक होते, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासणे कठीण जाई. हा पेच लांबट, बुडाशी पोकळ असलेल्या शिशाच्या गोळीने सोडवला. तिचा व्यास नळीपेक्षा किंचित कमी असल्याने ती सहज आत उतरे आणि बार उडताच तिचे बूड वायूच्या दाबाने फुगून आट्यांना चिकटे. तरीही काही बार झाल्यावर नळीत दारूची काजळी साठतेच, म्हणून गोळीभोवतीचा कागद ओशट ठेवणे भाग होते. चरबीचा सारा वाद या यांत्रिक गरजेतून उद्भवला.

काडतूस आणि भरण्याची रीत

त्या काळचे काडतूस धातूचे नव्हते. कागदाच्या पुंगळीत एका बाराची दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली असे. शिपाई कमरेच्या पेटीतून काडतूस काढी, दारूकडील पिळलेले टोक दातांनी तोडी, दारू नळीत ओती, मग पुंगळी उलटी करून गोळीचे टोक नळीच्या तोंडात बसवी, उरलेला कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी तळाशी ढकली. त्यानंतर घोडा (चाप ओढताच आदळणारा हातोडा) अर्धा चढवून खालच्या पोकळ बोंडीवर तांब्याची केप, म्हणजे आघाताने पेट घेणारी छोटी टोपी, बसवायची, घोडा पूर्ण चढवायचा आणि चाप ओढायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढी.

येथे एक बारकावा नजरेआड होतो. दातांनी तोडायचे टोक आणि वंगण लावलेले टोक ही काडतुसाची दोन विरुद्ध टोके होती. परंतु यामुळे शिपायांचा आक्षेप निराधार ठरत नाही. उन्हाळ्यात पेटीत खेटून ठेवलेल्या काडतुसांचे वंगण एका टोकापुरते राहील, याची हमी कोण देणार? शिवाय ते वंगण कोणत्या जनावराच्या चरबीचे असावे, याविषयी कारखान्यात कोणतीही खबरदारी घेतली गेली नव्हती, हे पुढे चौकशीत उघड झाले. काडतूस दातांनी तोडण्याची कवायत मात्र जुनीच होती आणि गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठीही शिपाई ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. नव्या रायफलीने त्यात भर घातली ती वंगणाची.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील दमदम येथे काडतुसांत गाय व डुकराची चरबी असल्याची वार्ता पसरली. नव्या रायफलीचे शिक्षण दमदम, अंबाला आणि सियालकोट येथे निवडक तुकड्यांना दिले जात होते. बराकपूरचे सेनाधिकारी हिअर्सी यांच्या सूचनेनंतर सरकारने त्याच महिन्यात काडतुसे वंगणाविना देऊन शिपायांना स्वतःच्या पसंतीचा पदार्थ लावू देण्याचे ठरवले. पुढे टोक दातांऐवजी हातांनी तोडण्याची मुभाही कवायतीत आली. संशय तोवर फार पुढे गेला होता.

शिपायांची प्रत्यक्ष बंदूक

कंपनीच्या शिपायाची नेहमीची बंदूक म्हणजे पाऊण इंच व्यासाची, आट्यांविना, केपेवर चालणारी मस्केट. चकमकीच्या दगडाच्या ठिणगीवर चालणाऱ्या नेपोलियनकालीन ‘ब्राउन बेस’ बंदुकीची ती थेट वारस होय. तिच्यात गोल शिशाची गोळी सैलसर बसे, त्यामुळे भरणे सोपे, पण शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. काही निवडक पलटणींकडे, उदाहरणार्थ गुरखा तुकड्यांकडे, दोन आट्यांची ब्रन्सविक रायफल होती. तिच्या गोळीवर आट्यांत बसणारा उंचवटा असे आणि नळी काजळल्यावर ती ठासणे शिपायांच्या जिवावर येई.

उठावाच्या आरंभीच्या घटना याच जुन्या शस्त्रांशी निगडित आहेत. २६ फेब्रुवारी १८५७ रोजी बहरामपूर येथे १९व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली ती जुन्या बंदुकीची होती. कागदाच्या रंगात फरक दिसला, एवढेच संशयाला पुरले. २४ एप्रिलला मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी जी काडतुसे घेतली नाहीत तीही त्यांच्या नेहमीच्या आखूड कराबिनीची होती. त्यांना ९ मे रोजी सर्वांसमोर बेड्या ठोकण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी उठाव झाला. २९ मार्चला बराकपूरच्या मैदानावर मंगल पांडे यांनी उचललेली बंदूकही मस्केटच होती. त्यांच्या गोळीने लेफ्टनंट बॉ यांचा घोडा जखमी झाला आणि शेवटी त्यांनी बंदुकीचे तोंड स्वतःच्या छातीला लावून पायाच्या अंगठ्याने चाप दाबला. एवढ्या लांब नळीच्या बंदुकीचा चाप स्वतःवर रोखलेल्या स्थितीत हाताने ओढणे अवघड असते. जखमी पांडे यांना ८ एप्रिल रोजी फाशी देण्यात आले.

हे प्रसंग पडद्यावर दाखवताना शिपायांच्या हाती एनफील्ड देणे कथेच्या दृष्टीने सोयीचे असते, कारण कलहाचे कारण आणि कलहाचे शस्त्र एकच होऊन जाते. याला व्यावहारिक बाजूही आहे. अमेरिकी यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी एनफील्ड मोठ्या प्रमाणावर वापरल्यामुळे त्या युद्धाच्या हौशी अभ्यासकांसाठी तिच्या चालू स्थितीतील प्रतिकृती विसाव्या शतकापासून तयार होत आल्या आहेत. कंपनीच्या मस्केटला तशी मागणी नसल्याने शस्त्रपुरवठादाराकडे एनफील्ड सापडणे अधिक संभवनीय असते.

रणांगणावरील फरक

उठाव पसरल्यावर दोन्ही शस्त्रे समोरासमोर आली. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूर येथे ब्रिटिश सेनापती हॅवलॉक यांच्या फौजेने एनफील्डच्या लांब पल्ल्याच्या माऱ्याने आणि तोफांनी बंडवाल्यांची फळी थोड्या वेळात विस्कटली. प्रतिपक्ष आपल्या मस्केटच्या टप्प्यात येण्याआधीच घायाळ होत असे. विजयाच्या अहवालात हॅवलॉक यांनी या रायफलीला मुद्दाम श्रेय दिले. जिच्यावरून शिपाई बिथरले तिनेच त्यांच्यावर मात केली, हा योगायोग नाट्यमय आहे. चित्रपटांनी त्याचा उपयोग फारसा केलेला नाही.

बंडवाल्यांची दुसरी अडचण सामग्रीची होती. ११ मे रोजी दिल्लीचे शस्त्रागार लेफ्टनंट विलोबी व त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी उडवून दिले, तर ७ ऑगस्टला शहरातील दारूच्या कारखान्यात स्फोट झाला. दारू देशी पद्धतीने बनवता येई, पण केपा बनवणे कठीण होते आणि केप नसेल तर उत्तम मस्केटही निकामी ठरे. याउलट जमीनदारांच्या लोकांकडील तोड्याच्या बंदुकीला केपेची गरजच नसे. जळता तोडा (वात) नळीच्या कानावरच्या रंजकीला, म्हणजे पेटवणीच्या दारूला, टेकला की बार निघे. अवध व बुंदेलखंडातील प्रसंगांत अशा बंदुका, भिंतीवर टेकवून चालवायच्या लांब जेजाला आणि उंटावरील जंबुरे (छोट्या तोफा) दाखवणे इतिहासाला धरून होते.

पिस्तुले आणि कालविसंगती

अधिकाऱ्यांकडे एकबारी पिस्तुलांसोबत रिव्हॉल्व्हरही आले होते. कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ नमुन्यात सहा बार असत, पण प्रत्येक बारासाठी घोडा अंगठ्याने चढवावा लागे. ॲडम्स यांचे पाच बारांचे इंग्रजी रिव्हॉल्व्हर केवळ चाप ओढून चाले, त्यामुळे हातघाईच्या लढाईसाठी अनेकांची पसंती त्याला होती. दोन्ही कागदी काडतुसांचे किंवा सुट्या दारूगोळीचे असल्याने रिकामे झाल्यावर ते पुन्हा भरणे वेळखाऊ होते. पडद्यावर एखादा अधिकारी लढता लढता क्षणात रिव्हॉल्व्हर भरताना दिसला तर ते शस्त्र पुढच्या काळातील समजावे.

कालविसंगती ओळखण्याच्या खुणा फारशा कठीण नाहीत. मागील बाजूने गोळी भरायची कोणतीही लष्करी बंदूक येथे शंकास्पद मानावी. एनफील्डच्याच नळीला मागे झडप बसवून केलेली स्नायडर १८६६ नंतरची, मार्टिनी-हेन्री १८७१ची आणि खटक्याची ली-एनफील्ड तर शतकाच्या अखेरची आहे. धुराबाबतही चित्रपट हात आखडता घेतात. काळ्या दारूच्या शंभर बंदुकांची एक फैर झाली की समोरचे काही दिसेनासे होते. कॅमेऱ्याला ते परवडत नाही.

उठावानंतरच्या काळातील प्रसंगांत निकष बदलतो. हिंदी शिपायांच्या हाती रायफल देऊ नये या धोरणातून १८५८ मध्ये त्यांच्यासाठी ०.६५६ इंच व्यासाची, आटे नसलेली बंदूक काढण्यात आली. तिचा आकार व बांधणी एनफील्डसारखीच होती, त्यामुळे १८६०च्या दशकातील शिपाई एनफील्ड वाटणारी बंदूक घेऊन उभा दाखवला असेल तर ते चित्र बरोबर असू शकते. फरक फक्त नळीच्या आत आहे आणि तो प्रेक्षकाला दिसत नाही.