जुन्या आरसी गाड्यांचे टायर : मूळ राखायचे की नवे चढवायचे?

२००४ साली जपानच्या टामिया कंपनीची हॉर्नेट पुन्हा बाजारात आली आणि जुन्या आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर धावणाऱ्या खेळातल्या, गाड्या जमवणाऱ्यांचा टायरचा हिशेबच बदलला. तोवर १९८४ च्या हॉर्नेटचा मागचा काटेरी टायर फाटला की दोनच मार्ग होते : कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला न उघडलेला जुना माल शोधायचा, नाहीतर आहे तोच टायर कसाबसा जगवायचा. असा जुना, न वापरलेला माल, संग्राहकांच्या बोलीत 'एनओएस', मिळाला तरी तोही वीस वर्षांचा असायचा आणि पाकिटातच कडक झालेला निघायचा. टायर वाचवण्याची बहुतेक तंत्रे याच टंचाईतून आली. २००५ मध्ये ग्रासहॉपर आणि फ्रॉग, २००९ मध्ये रफ रायडर 'बगी चॅम्प' या नव्या नावाने, २०१० मध्ये सँड स्कॉर्चर अशी री-इश्यूंची, म्हणजे जुनीच गाडी पुन्हा बाजारात आणण्याची, रांग लागली आणि त्यांच्यासोबत ताजे टायरही मिळू लागले. मग प्रश्न उलटा झाला. नवे मिळत असताना जुने ठेवायचे कशाला?

या वादाची मुळे १९७९ मध्ये आहेत. शिझुओकातल्या ज्या टामियाने १९७६ मध्ये १/१२ मापाची पोर्श ९३४ आणून विजेवरची आरसी गाडी घराघरांत नेली, तिनेच १९७९ मध्ये १/१० मापाच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्या काढल्या. पोर्श रस्त्यावरची होती, तिच्या टायरकडे कोणी निरखून पाहत नसे. माती-वाळूत धावणाऱ्या बगीचा टायर मात्र तिची ओळखच बनला : पुढे दिशा धरण्यासाठी पट्ट्या, मागे माती उकरण्यासाठी फाळ किंवा काटे. १९८२ ते १९८७ या काळात वाइल्ड विली, फ्रॉग, हॉटशॉट, ब्लॅकफूट, क्लॉड बस्टर या गाड्या आल्या आणि टायर फुगतच गेले. मॉन्स्टर ट्रकमध्ये तर गाडीच्या दिसण्यातला निम्मा भाग टायरचाच. आपल्याकडे त्या काळात या गाड्या दुकानात सहजी दिसत नसत. ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्याकडे त्या बहुधा परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आल्या होत्या. सुटे टायर मागवण्याचा तर प्रश्नच नव्हता.

त्याच काळात स्पर्धेचे जग वेगळ्या वाटेने चालले होते. गालिच्यावर आणि डांबरावर धावणाऱ्या सपाट गाड्यांना फोमचे टायर असत. पकड वाढावी म्हणून त्यांना शर्यतीआधी रसायन चोपडले जाई. त्यातल्या काहींत विंटरग्रीनचा, म्हणजे मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमाचा, उग्र वास असे. तो वास देणारे मिथाइल सॅलिसिलेट रबरात मुरते आणि त्याला मऊ करते. बंद सभागृहांतल्या शर्यतींत या वासाने लोक हैराण झाले आणि अनेक ठिकाणी वास येणारी रसायने बंद झाली. रसायन मात्र हरवले नाही. टाइपरायटरचे कडक झालेले रूळ मऊ करणाऱ्यांकडे ते आधीपासून होते, तसेच ते जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या कपाटातही पोहोचले : थोडे विंटरग्रीन तेल, बरेचसे झायलीन हे द्रावक, आणि त्यात टायर बुडवून ठेवायचा.

टायर मऊ होतो, फुगतो, काळाभोर दिसतो. झायलीन उडून जाते तेव्हा फुगवटा बराचसा उतरतो, पण रबरातले आणखी काहीतरी त्याच्यासोबत निघून गेलेले असते. ऑक्सिडेशनने रबराची जी साखळी तुटली किंवा जास्तच घट्ट गुंतली, ती या तेलाने पूर्ववत होत नाही; कडकपणा फक्त काही काळ झाकला जातो. शिवाय मिथाइल सॅलिसिलेट साधे नाही. लहान मुलाच्या पोटात एक चमचाभर गेले तरी जिवावर बेतू शकते, आणि झायलीनची वाफ बंद खोलीत घेण्यासारखी मुळीच नाही. घरच्या स्वयंपाकघरात बरणी भरून हा प्रयोग करणाऱ्यांना हे ठामपणे सांगायलाच हवे.

पण त्याहून जास्त नुकसान केले ते साफसफाईने. जुन्या टायरवर तपकिरी किंवा पांढुरका थर दिसतो. त्याला मळ समजून ब्रश आणि द्रावक घेऊन घासून काढण्याची पद्धत रूढ झाली. मळ त्यात असतोच, पण थराचा मोठा भाग रबराच्या आतूनच वर आलेला असतो. रबराच्या मिश्रणात मेण आणि ओझोनरोधक रसायने घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेतला ओझोन रबरापर्यंत पोहोचू देत नाहीत. ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो, म्हणूनच भेगा नेहमी ताण असलेल्या जागी, रिमच्या कडेला किंवा काट्यांच्या बुडाशी पडतात. तो थर द्रावकाने पुसणे म्हणजे टायरची छत्रीच काढून घेणे. वर सिलिकॉनचा चकचकीत लेप लावून फोटो काढायचा, ही सवय मोठ्या गाड्यांच्या डॅशबोर्ड-टायर पॉलिशमधून आली. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत ही पॉलिशे लोकप्रिय झाली आणि टायर ओलसर काळा दिसला पाहिजे हा समज रुजला. खेळातल्या गाडीचा टायर कारखान्यातून तसा कधीच येत नसे. तो मंद, किंचित करडा काळा असायचा. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि जुना मऊ दातब्रश यांपुढे जाण्याची गरज क्वचितच असते.

सपाट झालेल्या टायरचेही तसेच आहे. बॅटरीसकट वर्षानुवर्षे कपाटात उभी राहिलेली गाडी खाली दाबली जाते. गरम पाण्यात टायर ठेवून, आत कापूस भरून गोल होऊ देणे हा उपाय बराच उपयोगी पडतो. पण दबलेल्या अवस्थेतच रबरात नवे बंध तयार झालेले असतील, तर थोडा सपाटपणा राहतोच, आणि तो राहू द्यावा.

कडेवरच्या उठावाच्या अक्षरांना पांढरा रंग देण्याची प्रथा १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी 'मसल कार'च्या टायरांवर आलेल्या पांढऱ्या अक्षरांची नक्कल आहे. खऱ्या टायरमध्ये पांढऱ्या रबराचा थर आतच बसवलेला असतो आणि वरचे काळे रबर घासून तो उघडा करतात. शिवाय आतली डाग पाडणारी रसायने पांढऱ्यापर्यंत झिरपू नयेत म्हणून वेगळे मिश्रण वापरतात. खेळातल्या टायरला यातले काहीच नाही. म्हणून अॅक्रिलिक रंग काही वर्षांत पिवळटतो, आणि गाडी धावली तर तडकतो. रंग द्यायचाच असेल तर तो शेल्फवर बसणाऱ्या गाडीला द्यावा.

आता मुख्य वादाकडे. पहिला पक्ष म्हणतो : री-इश्यूचा टायर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, गाडी पूर्ण दिसते, धावतेही, मग भेगाळलेले चामडे का मिरवायचे? यात तथ्य आहे. धावणाऱ्या गाडीला ताजे रबर हवेच. २०१३ मध्ये अमेरिकेतून आरसी१० आणि २०१४ मध्ये जपानच्या दुसऱ्या कंपनीकडून स्कॉर्पियन या जुन्या बग्या परत आल्यावर हा पक्ष आणखी बळकट झाला. दुसरा पक्ष म्हणतो की नक्षी तीच असली तरी मिश्रण तेच आहे असे नव्हे. शिवाय साचा जुनाच असेल तर जुन्या खुणाही जशाच्या तशा उमटतात आणि विकताना नवा टायर १९८० चा म्हणून खपतो. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे जास्त वजनाचे वाटते. बॉडी पुन्हा रंगवली जाते, मोटार बदलली जाते, स्टिकर नवे छापले जातात. गाडी कोणत्या मातीत किती धावली हे सांगणारा एकमेव भाग म्हणजे झिजलेला टायर, आणि २००५ ते २०१० या हौसेच्या लाटेत तोच सर्वाधिक फेकला गेला.

सध्याची चांगली पद्धत म्हणजे दोन जोड ठेवणे. नवे टायर नव्या रिमवर धावायला. जुने टायर त्यांच्या मूळ रिमवरून न उतरवता, अंधाऱ्या आणि थंड जागी, दाब न पडता. ओझोन सोडणाऱ्या मोटारी आणि यंत्रे जवळ नकोत. स्टायरीनच्या बॉडीला रबर टेकवून ठेवू नये, कारण रबरातले तेल प्लॅस्टिकमध्ये शिरून ते वितळल्यासारखे चिकट करते. सँड स्कॉर्चरसारख्या कडक प्लॅस्टिकच्या बॉड्या खोक्यातच अशा खराब होऊ शकतात. पॉलियुरेथेन फोमच्या टायरचे आयुष्य तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी कमी, कारण पाण्याच्या वाफेनेच त्याचे बंध तुटतात. बोट लावले की भुगा होतो, आणि त्यावर कोणतेही तेल चालत नाही. विक्रीच्या यादीत टायर मूळ की री-इश्यू हे लिहिण्याचा शिरस्ता अजून सर्वत्र पडलेला नाही. खरेदी करणाऱ्याने तो प्रश्न पैसे देण्याआधी स्वतःच विचारावा आणि रिमच्या आतल्या कडेचा फोटो मागावा, कारण जुन्या टायरचा तपकिरी डाग पांढऱ्या रिमवर तिथेच उतरलेला दिसतो.