रोजगार हमी, बेकारभत्ता आणि प्रशिक्षण : सोलापूरच्या संदर्भातील पार्श्वभूमी

दुष्काळात सरकारी कामे काढून लोकांना जगवण्याची रीत सोलापूरला इंग्रजी अमदानीपासून माहीत होती, परंतु तेव्हा काम निघणे न निघणे सरकारच्या मर्जीवर होते. १९७२ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा, करमाळा या पट्ट्यातली माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली, सुकडीवर, म्हणजे वाटल्या जाणाऱ्या कोरड्या खाद्यावर, दिवस काढले; विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला राज्यभर बळ मिळाले ते याच काळात. १९७७ साली संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि काम मागणे हा हक्क ठरला. पगारदारांकडून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून त्याचा खर्च उभा राहिला.

मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा, अशी तरतूद या कायद्यात होती. भत्ता मात्र दिवसाला किमान १ रुपया इतकाच. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने (मनरेगा) तो पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा केला. त्यातली मेख अशी की, अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा होता आणि भत्त्याचा राज्याचा. शिवाय भत्ता मागायचा तर काम मागण्याचा नमुना ४ भरून तारखेसह पोच घेतलेली लागे. गावातल्या कामांची नोंद ठेवणाऱ्या रोजगार सेवकाच्या कानावर नुसते घातले असेल, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

प्रशिक्षण या चौकटीत फार उशिरा आले. हमी अकुशल अंगमेहनतीच्या कामाची असल्याने वर्षानुवर्षे बांधबंदिस्ती करणारा मजूर कागदोपत्री अकुशलच राहिला. मनरेगाच्या मजुरांसाठीच्या २०१९ च्या ‘उन्नती’ प्रकल्पात १०० दिवस काम पूर्ण केलेल्या कुटुंबातील १८ ते ४५ वयाच्या एका सदस्याला विद्यावेतनासह प्रशिक्षणाची सोय झाली.

सोलापूर शहर यातून वगळले गेले. हमी ग्रामीण भाग आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांपुरती असल्याने, कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा कामगारांना यंत्रमाग, विडी किंवा पुण्याची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शहरी तरुणही आले आणि शिक्षणानुसार दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. ही योजना शासन निर्णयावर चालते; प्रशिक्षणाची मुदत संपल्यावर काम किंवा भत्ता मागण्याचा कायदेशीर हक्क ती देत नाही.