प्रकाशाच्या चिमटीत धूळ

धूमकेतूचे शेपूट सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच का असते? सूर्यकिरण त्यातले द्रव्य ढकलत नेतात, असे केप्लरने १६१९ साली लिहून ठेवले. प्रकाशाला दाब असतो हे मॅक्सवेलने १८७३ मध्ये गणिताने मांडले आणि १९०१ मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव यांनी तो प्रयोगाने मोजला. काम किचकट होते. दाब इतका क्षीण, की काचपात्रात उरलेल्या तापलेल्या हवेच्या धक्क्यांतच तो हरवायचा.

लेझर आल्यावर चित्र पालटले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आर्थर अ‍ॅश्किन यांनी पाण्यातल्या लॅटेक्सच्या सूक्ष्म गोळ्यांवर लेझरचा झोत सोडला. गोळ्या पुढे सरकतील ही अपेक्षा होतीच, पण त्या बाजूने झोताच्या मध्याकडेही खेचल्या गेल्या. पारदर्शक कण किरण वळवतो, आणि त्याची प्रतिक्रिया त्याला जिथे उजेड जास्त तिकडे ओढते. हा शोध १९७० चा. पुढच्याच वर्षी त्यांनी काचेची गोळी हवेत तरंगती ठेवली. १९८६ मध्ये स्टीव्हन चू आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी एकाच एकवटलेल्या झोताने कण धरून ठेवला, तोच आजचा प्रकाशीय चिमटा. त्यासाठी अ‍ॅश्किन यांना नोबेल मिळाले २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी!

दरम्यान हा चिमटा जीवशास्त्रज्ञांनी उचलला होता. जिवाणू पारदर्शक आणि पकडायला सोयीचे. अवकाशातली धूळ मात्र आडदांड: वेडेवाकडे आकार, त्यात कार्बनचा काळेपणा. असा कण प्रकाश शोषून तापतो आणि झोताबाहेर ढकलला जातो. शिवाय अशी धूळ हाती होतीच किती? १९७० च्या दशकापासून उंच उडणारी विमाने ती स्थितांबरातून गोळा करत होती. ‘स्टारडस्ट’ यानाने वाइल्ड-२ धूमकेतूचे कण एरोजेल या अतिहलक्या, सच्छिद्र पदार्थात अडकवून २००६ मध्ये आणले, तर जपानच्या ‘हायाबुसा’ने २०१० मध्ये इतोकावा लघुग्रहाचे साधारण दीड हजार कण. ते एकेक करून बारीक सुईने उचलायचे, म्हणजे कण निसटण्याची किंवा त्याला बाहेरचे काही चिकटण्याची धास्ती आलीच.

धरलेला कण कशाचा आहे हे सांगण्याचे काम रामन परिणामाचे. तो १९२८ मध्ये कोलकात्यात सापडला. विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगांवरून खनिज ओळखू येते. लेझरने तरंगत्या ठेवलेल्या कणांची अशी तपासणी १९८४ मध्येच जर्मनीत झाली होती. तरी अवकाशातल्या धुळीसाठी तिचा पद्धतशीर विचार मेसिना आणि नेपल्सच्या इटालियन गटांनी अलीकडे केला. २०२२ च्या त्यांच्या शोधनिबंधात एकेक धूलिकण पाण्यात धरून त्यातली खनिजे ओळखली आहेत, आणि कणाची घडण व वेडावाकडा आकार पकडीवर कसा परिणाम करतो याचे हिशेबही आहेत.

पाण्यात, हीच अडचण. र्‍युगू लघुग्रहाचे नमुने पृथ्वीची हवा लागू नये म्हणून निर्वात कक्षात आणि नायट्रोजनमध्ये सांभाळले जातात. त्यांना पाण्यात कोण बुडवू देईल? त्यांच्यासाठी ही पकड पाण्याशिवाय, कोरड्यातच जमायला हवी.