आणीबाणीतील कोड-मंजुरी

दुसऱ्या अभियंत्याने तपासून होकार दिल्याशिवाय बदललेला कोड मुख्य ब्रँचमध्ये (सर्वांच्या सामायिक मूळ कोडमध्ये) मर्ज करायचा, म्हणजे मिसळायचा नाही, हा कोड रिव्ह्यूचा मूळ नियम. सेवा बंद पडलेली असताना आणि होकार द्यायला कोणीच नसताना हा नियम तेवढ्यापुरता ओलांडण्यासाठी आधीच आखून ठेवलेली वाट म्हणजे आणीबाणीतील कोड-मंजुरी. बोलीत तिला ‘ब्रेक ग्लास’ म्हणतात. आग लागल्यावर काच फोडून वाजवायच्या घंटेवरून हे नाव आले.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये अमेरिकी ग्राहकांचे काम सांभाळणाऱ्या टीमला ही गरज समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. ड्यूटीवर एकच जण असतो आणि रिव्ह्यू करणारे झोपलेले असतात.

रचनेचा उत्तम नमुना रेल्वेच्या डब्यात आहे: धोक्याची साखळी. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या नागपूरला ती चांगली ठाऊक आहे. साखळी कोणाही प्रवाशाला ओढता येते, तिला कुलूप नसते. पण ओढली की गाडी थांबते, कोणत्या डब्यातून ओढली ते कळते, आणि सबळ कारण नसेल तर रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४१ खाली शिक्षा होते. कोड-मंजुरीची वाटही अशीच हवी: चालायला सोपी, पण गुपचूप चालता न येणारी.

म्हणून सर्वांना ठाऊक असलेला सामायिक पासवर्ड ही सर्वांत वाईट रचना. सवलत स्वतःच्या नावाने, कारण लिहून, त्या एकाच कमिटपुरती (नोंदवलेल्या एका बदलापुरती) घ्यावी. कोडमध्ये पुन्हा काही बदलले की ती आपोआप रद्द व्हावी. वापरताच साऱ्या टीमला सूचना जावी. सूट फक्त माणसाच्या होकारातून. स्वयंचलित चाचण्या चालल्याच पाहिजेत. कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेच्या रूलसेटमध्ये (नियमसंचात) ठरावीक भूमिकांना किंवा टीमना बायपासची, म्हणजे नियम ओलांडण्याची मुभा देता येते आणि ती पुल रिक्वेस्टपुरती (बदल मर्ज करण्याच्या नोंदवलेल्या विनंतीपुरती) मर्यादितही ठेवता येते. ही मर्यादा जरूर लावावी, कारण मग मागे नोंद राहते.

घाईत, न तपासता घेतलेला निर्णय किती महाग पडतो हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत दिसले. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला होता आणि ते दुसऱ्या कोणी तपासले नव्हते. गोंधळ सुरू झाल्यावर उरलेल्या सात सर्व्हरवरून बरोबर असलेला नवा कोडच काढला गेला, आणि नुकसान वाढले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. जुन्या, तपासलेल्या आवृत्तीकडे परतणे बहुधा सुरक्षित असते, पण नेहमीच नाही. शक्य असेल तर एखाद्याला फोन करून उठवावेच.

राहिलेला रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी कामाच्या सुरुवातीलाच व्हावा, आणि तो मूळ बदल करणाऱ्याने स्वतः करू नये. त्यात बदल नापसंत ठरला, तर तो नेहमीच्या मंजुरीने मागे घेतला जातो.