वाटेतून बाजूला होणारा म्हातारा

हल्ली ऑफिसात नवा माणूस आला की त्याला 'मेंटर' नेमून देतात. हे मुळात एका माणसाचं नाव, आणि तो माणूस फारसा कामाचा नव्हता. होमरच्या 'ओडिसी'त युद्धावर निघालेला ओडिसियस आपलं घर मेंटर नावाच्या मित्रावर सोपवतो. पुढे राणीशी लग्न करायला टपलेले लोक वाड्यात ठाण मांडतात. भर सभेत मेंटर बोलून पाहतो, पण त्याला कुणी जुमानत नाही. राजपुत्र टेलेमॅकसला बापाच्या शोधात बाहेर काढते ती मेंटरचं रूप घेतलेली अथेना देवी. आणि पायलॉसला पोचल्यावर तीही पक्षी होऊन उडून जाते.

'मेंटर' हे सामान्यनाम झालं ते फ्रान्समुळे. चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक फेनेलोन याने टेलेमॅकसच्या भटकंतीवर कादंबरी लिहिली. ती १६९९ मध्ये छापली गेली. त्यातला मेंटर पानोपानी उपदेश करतो, वाचणाऱ्याची दमछाक होते. शेवटी तो मिनर्व्हा देवी (अथेनाचंच रोमन नाव) म्हणून प्रकट होतो आणि निघून जातो.

म्हणजे गुरूला वेळीच गोष्टीबाहेर काढायचं, ही युक्ती जुनीच. आर्थर राजाच्या कथांत त्याचा जादूगार गुरू मर्लिन मोठ्या शिळेखाली अडकतो. टॉल्किनचा जादूगार गॅन्डाल्फ १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये मर्कवूड या जंगलाच्या तोंडाशी मंडळींना सोडून जातो, १९५४ च्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग'मध्ये मोरियाच्या दरीत कोसळतो. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात नायकाचा गुरू ओबी-वान याचं तेच. सर्वशक्तिमान म्हातारा सोबत असला, तर नायकाला करायला उरतं काय? आपल्या महाभारतात द्रोणाचार्य बाजूलाही होत नाहीत, थेट समोरच्या सैन्यात उभे राहतात. त्या कोंडीला तोड मला तरी अजून सापडलेली नाही.

लेखिका अर्सुला ले ग्विनला वेगळाच प्रश्न पडला: हे पांढऱ्या दाढीचे जादूगार तरुणपणी कसे असतील? त्यातून १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी आली. इथे गुरू ओगियन कुठे जात नाही. तो कमी बोलतो, पाऊस पडला तर मंत्राने थांबवण्याऐवजी भिजतो. उतावळा शिष्य गेडच त्याला सोडून जादूच्या शाळेत जातो आणि गर्वापायी एक भयंकर सावली मोकळी करतो. तिच्यापासून पळत तो पुन्हा ओगियनच्या दारी येतो. ओगियन त्याला नवी काठी घडवून देतो आणि सांगतो, आता उलट फिर, तूच तिच्या मागे लाग. सकाळी ओगियन उठतो तेव्हा गेड निघून गेलेला असतो. चुलीच्या दगडावर तेवढा निरोप: गुरुजी, शिकारीला जातो.