राजाचा डीएनए आणि तीस वर्षांची भाऊबंदकी

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २०१२ मध्ये एका कार पार्किंगखाली सांगाडा सापडला. खड्डा आखूड खणलेला, त्यामुळे डोकं कडेला टेकवून देह कसाबसा बसवला होता. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला. अंगावर मरतेसमयीच्या अकरा जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. मागच्या बाजूचं हाड तर जड पात्याच्या घावाने उडालेलं. म्हणजे शेवटच्या क्षणी डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं. हा तिसरा रिचर्ड, २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत पडलेला राजा.

या लढाईचं मूळ शंभर वर्षं मागे जातं. तिसऱ्या एडवर्डचा थोरला मुलगा बापाआधीच वारला, म्हणून १३७७ मध्ये दहा वर्षांचा नातू गादीवर आला. १३९९ मध्ये चुलतभावाने, चौथ्या हेन्रीने, त्याला पदच्युत केलं. हेन्री हा एडवर्डच्या जॉन ऑफ गाँट या मुलाचा मुलगा. जॉनहून वडील असलेल्या लायोनेलचा वंश तेव्हा हयात होता, पण तो मुलीकडून चाललेला. मुलीच्या वंशाला गादी मिळते का, याचा पक्का नियम इंग्लंडमध्ये नव्हता. माझ्या मते सगळ्या रक्तपाताची मुळी इथेच आहे. कर्तबगार राजा असेपर्यंत प्रश्न झाकला गेला. १४५३ मध्ये चौथ्या हेन्रीच्या नातवाचं, सहाव्या हेन्रीचं, भान हरपलं, सुमारे दीड वर्ष त्याला कुणी ओळखू येईना, आणि १४५५ मध्ये जॉनच्या वंशाचं लँकेस्टर आणि रिचर्डचं यॉर्क ही दोन घराणी तलवारी उपसून समोरासमोर आली.

सांगाड्याची ओळख मात्र आईच्या वाटेने पटली. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधला डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळतो, आणि पुढे तो मुलीच देतात. रिचर्डची बहीण ॲन हिच्या मुलींच्या, नातींच्या वंशातले दोन जण आज हयात आहेत. एकाचा डीएनए सांगाड्याशी तंतोतंत जुळला, दुसऱ्याच्यात एका अक्षराचा फरक निघाला. बाकीचे पुरावे धरून लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ९९.९९९ टक्के खात्री दिली.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. रिचर्ड बापाच्या वाटेने एडवर्डच्याच वंशातला, म्हणून जॉन ऑफ गाँटच्या पुरुषवंशातले, निदान वंशावळीत तसे नोंदलेले, पाच जण तपासले. एकाचंही वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळलं नाही. चौघांचं आपसात जुळलं, पाचव्याचं त्यांच्याशीही नाही. एडवर्डमार्गे रिचर्ड आणि त्या चौघांचा अठराव्या शतकातला पूर्वज यांच्यामध्ये बाप-मुलाचे एकोणीस दुवे आहेत. त्यातला एक तरी तुटलेला. यात आश्चर्य वाटण्याजोगं काही नाही. दर पिढीला एक-दोन टक्के वेळा नोंदलेला बाप खरा बाप नसतो असं धरलं, तर एकोणीस दुव्यांत असं एकदा तरी घडण्याची शक्यता १७ ते ३२ टक्के निघते.

दुवा तुटला कुठे? एकोणिसांपैकी पंधरा जॉनच्या बाजूला आहेत, म्हणून तिकडची शक्यता जास्त. जॉन हा गेंट शहरातल्या खाटकाचा मुलगा अशी कुजबूज त्याच्या हयातीतच होती. ती खरी ठरली तर लँकेस्टर राजांच्या हक्काचा पायाच जातो. पण तुटलेला दुवा नेमका तोच, हे डीएनएवरून सांगता येत नाही.

उरलेले चार दुवे यॉर्क घराण्याकडचे. त्यातला रिचर्डच्या वडिलांच्या वर कुठलाही दुवा तुटला असला तरी यॉर्कचा दावा ढळत नाही, कारण तो लायोनेलच्या मुलीकडून, रिचर्डची आजी ॲन मॉर्टिमर हिच्यामार्फत आला होता. बॉसवर्थ जिंकणाऱ्या, लँकेस्टरच्या बाजूच्या हेन्री ट्यूडरचा दावाही आईकडूनच होता. पुरुषांनी ज्यासाठी रणं गाजवली तो हक्क दोन्हीकडे बायकांनी पोहोचवला, ही गोष्ट वंशवृक्ष पाहताना सहज निसटते.

रिचर्ड स्वतः राजा झाला तो थोरल्या भावाचं, राजा चौथ्या एडवर्डचं, लग्न बेकायदा आणि म्हणून पुतणे अनौरस ठरवून. १४८४ मध्ये पार्लमेंटने तसा कायदाही केला. इथे वाद लग्नाचा होता, रक्ताचा नव्हे, तेव्हा प्रयोगशाळेला त्यात काही बोलता येत नाही. हेन्री ट्यूडरने राजा होताच तो कायदा रद्द केला, त्याच्या प्रती जाळायला लावल्या आणि १४८६ मध्ये त्याच पुतण्यांच्या बहिणीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं.