खोक्याआधीची नावं: शिवराई, कलदार, चवली, पावली

ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली आणि मुंबईच्या व्यवहारातला एक खासगी शब्द गावोगावच्या पारावर पोचला. शिंदे गटाच्या आमदारांनी फुटण्यासाठी प्रत्येकी पन्नास कोटी घेतले, असा त्यातला आरोप. तो त्या गटाने फेटाळला, शब्द मात्र राहिला. पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी. बिल्डर, दलाल आणि खंडणीखोरांच्या तोंडी हे हिशेब आधीपासून होते. पण पैशाला टोपणनाव देण्याची आपली सवय त्याहून कितीतरी जुनी आहे.

शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं होती. लोकांनी त्याला शिवराई म्हटलं. पुढे पेशवाईत रुपये अनेक टांकसाळींतून पडू लागले, तशी नावंही वाढली. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी, चांदवडला पाडलेला तो चांदवडी. ही नावं कौतुकाची नव्हती, गरजेची होती. प्रत्येक रुपयाची चांदी वेगळी, त्यामुळे सराफ तो वाजवून, पारखून घ्यायचा आणि परका किंवा झिजलेला रुपया बदलून देताना बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागतो तो इथूनच. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण माणसाची अब्रूसुद्धा आपण सराफाच्या गादीवर ठेवून मोजली. 'खणखणीत नाणं' ही शाबासकीही त्याच गादीवरची.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या मुलखात एकच रुपया लागू केला, १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर तोळाभर. म्हणून वजनालाही 'रुपयाभार' म्हणू लागले. हा रुपया हातोड्याने ठोकलेला नव्हता, यंत्रावर पाडलेला होता. कल म्हणजे यंत्र, म्हणून तो कलदार. राणीचा चेहरा आला तसा तो राणीछाप झाला. मराठवाड्यात कलदार हा शब्द विशेष टिकला, कारण तिथे निजामाचा हाली शिक्का चालत होता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. त्यामुळे भाव सांगताना 'हाली की कलदार?' हे विचारावंच लागे. हाली चलन १९५९ मध्ये पूर्ण बाद झालं.

रुपयाखालची दुनिया त्याहून गजबजलेली. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशेब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, जाडजूड तांब्याचा ढब्बू. महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला, तो भोकाचा पैसा.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावली बरोबर २५ पैशांत बसली, अधेली ५० मध्ये. पण आणा म्हणजे सव्वासहा पैसे आणि चवली म्हणजे साडेबारा! मला वाटतं, म्हणूनच चवली बोलण्यातून लवकर गेली, आणि चार आणे, आठ आणे मात्र पुढेही अनेक वर्षं दुकानात मागितले गेले. चार आण्यांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अजून आहेत.

पेटी आणि खोका ही नावं मात्र नाण्यावरून आलेली नाहीत, ती नोटा ज्यात भरायच्या त्यावरून आली. जानेवारी १९७८ मध्ये हजार आणि त्यावरच्या नोटा रद्द झाल्या. पाचशेची नोट १९८७ मध्ये आली. मधल्या काळात शंभराची नोट सगळ्यांत मोठी. तिच्यात लाख म्हणजे शंभर-शंभर नोटांची दहा बंडलं, कोटी म्हणजे हजार बंडलं. एवढं न्यायला खरोखरच खोकं लागणार. आज पाचशेच्या नोटांत कोटी दोनशे बंडलांत मावतो, पण नाव बदललेलं नाही.

गावाकडे जुन्या हिशेबाचा एक शब्द अजून रोज चालतो. पिकाचा अंदाज पूर्वी सोळा आण्यांच्या मापाने काढत, ती आणेवारी. सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत आलेलं गाव टंचाईत धरायची पद्धत पडली. तरी पाऊस ओढ देतो त्या वर्षी शेतकरी एकमेकांना विचारतात ते हेच, 'औंदा आणेवारी किती लागली?'